न पडणारी गाडी

दीनानं उजव्या पायातली चप्पल काढून बाजूला सारली, एका हातानं दुकानाचा लोखंडी खांब धरला आणि समोरच्या लाल स्कूटरला बरगडीत सणसणीत लाथ घातली. तीन चाकांची ती कोरी करकरीत बॅटरीवाली गाडी एका अंगानं उचलली गेली, क्षणभर तशीच तोलून राहिली आणि धाडकन आडवी झाली.

"अहो ताई! येड लागलंय का काय?" बिभीषण कुबडी टेकत काउंटरमागून बाहेर आला.

"ही नको," दीना म्हणाली. "दुसरी दाखवा."

केडगावात पुणे रस्त्याला बिभीषणचं दुकान. त्याचा स्वतःचा एक पाय लहानपणीच पोलिओनं नेलेला. मोठेपणी त्यानं अधू माणसांसाठी तीनचाकी स्कूटर बनवायला आणि विकायला घेतल्या. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची पाहिली होती त्यानं. कुणी ॲव्हरेज विचारतं, कुणी रंगावर अडून बसतं, कुणी नुसताच भोंगा वाजवून घरी जातं. पण लाथा घालून गाडी पसंत करणारी बाई त्याच्या दुकानात पहिलीच आली होती. सोबत नऊ वर्षांची पोरगी, एंजल. तिला मात्र यात काही नवल वाटलेलं दिसत नव्हतं. ती पडलेल्या गाडीचं फिरणारं चाक बघत उभी होती.

"पाय कशानं गेला?" बिभीषणनं दीनाच्या डाव्या पायाकडं बघत विचारलं. घोट्यापासून वर सळई घातलेला तो पाय ती ओढत चालायची.

"गाडी पडली अंगावर."

"चालवताना?"

"न्हाई. दारात उभी हुती."

बिभीषणनं वर पाहिलं. मग पडलेल्या गाडीकडं पाहिलं, मग पोरीकडं. शहाणा माणूस, पुढं काही विचारलं नाही त्यानं. "या माझ्या मागं," म्हणाला आणि दोघींना दुकानामागच्या अंगणात घेऊन गेला.

न विचारलेलं ते असं होतं. दीनाचा नवरा अब्राहाम पिऊन घरी आला की दारात लावलेल्या तिच्या स्कूटीला आधी लाथ घालायचा. आधी गाडी, मग बाई; लग्नाच्या अकरा वर्षांत हा क्रम त्यानं कधी मोडला नाही. गाडी धाडकन पडायची आणि त्या आवाजानं एंजल हातात असेल ते टाकून कॉटखाली शिरायची. दीनानंच शिकवलं होतं तिला ते. मार दीना खात आली होती. पण गाडी पडली की ब्रेकची दांडी मोडायची, पेट्रोल गळायचं, सकाळी स्टार्टर मारून मारून हात दुखायचे आणि खाडा पडायचा. आठ महिन्यांपूर्वी तर ती गाडी वाचवायला मध्ये गेली आणि गाडी तिच्याच पायावर आली. त्यानंतर दोन रिक्षा बदलून नागापूरला पोचेपर्यंत पहिली पाळी सुरू झालेली असायची. तिथल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती स्प्रिंगा तपासायची. सुपरवायझर सुनील चांगला माणूस, पण त्यालाही वरून बोलणी बसत होती. "ताई, आता एक खाडा झाला ना, तर मला काय सुद्धा करता येणार न्हाई," असं त्यानं हात जोडून सांगितलं होतं. आणि ती नोकरी गेली की दीना अब्राहामच्या तोंडाकडं बघून जगणार. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिचं सरळ मत होतं.

म्हणून आईकडची बोरमाळ मोडून ती आज इथं आली होती. अब्राहाम शुक्रवारपासून पारनेरला मित्राकडं लग्नाला गेला होता, तेवढीच सवड.

अंगणात राखाडी रंगाची एक थोराड, पेट्रोलवर चालणारी स्कूटर उभी होती. मागं जाड आसावर दोन रुंद चाकं. दीनानं एक लाथ घातली. गाडी जरा डुलली आणि उभी राहिली. दुसरी घातली, तिसरी घातली. एंजलनं टाळ्या वाजवल्या.

"आता तुमी घाला," दीना बिभीषणला म्हणाली. "गड्याची लाथ बघायची हाय मला."

"मला धड पाय एकच. तो काय लाथंत घालवू व्हय?" बिभीषण हसला. तरी कुबडी भिंतीला लावून त्यानं गाडीला खांदा दिला आणि सगळ्या ताकदीनं रेटा मारला. गाडी उभीच. "हत्ती आला तरी पडायची न्हाई. पण हे उभी असताना हां! चालवताना हिची तऱ्हा निराळी. बसा, फेरी मारा, मग सांगतो."

दीना बसली. सरळ रेषेत गाडी गुमान चालली. अंगणाच्या टोकाला तिनं वळण घेतलं, जुन्या स्कूटीच्या सवयीनं आत झुकली आणि गाडी वळायची सोडून सरळ टायरच्या ढिगात जाऊन घुसली.

"झुकलात ना?" बिभीषण लांबूनच ओरडला. "सगळे झुकतात! दोन चाकांची गाडी माणूस अंगानं वळवतो. ही अंगाचं ऐकत न्हाई, हँडलचं ऐकती. येग कमी करायचा, पाठ ताठ ठिवायची आन् हँडल वळवायचं. जोरात घातली आन् झुकलात, तर भिंतीत तरी जाती न्हाईतर उलथती तरी."

दीनानं पुन्हा फेरी मारली, पुन्हा, आणि आणखी चार. शेवटच्या फेरीला जमलं.

चावी देताना बिभीषणनं ती लगेच सोडली नाही. "घरात दुसरं कुणी चालवणार हाय?"

दीनानं चावी आपल्याकडं ओढली.

"असंल तर चावी द्यायच्या आधी हे सांगायचं. आठवणीनं. दुचाकीवर जितका पट्टीचा, तितका हिच्यावर आधी जातो. माझा सख्खा भाचा मरता मरता वाचलाय."

घरी येताना मागं बसलेल्या एंजलनं त्याचं गाणंच करून टाकलं. "पाठ सरळ, मान सरळ, वळणावर झुकू नको!" प्रत्येक वळणाला ती आईच्या पाठीवर थाप मारून ते म्हणायची. दीना हसत होती. किती दिवसांनी हसली, तिलाही आठवलं नसतं.

रविवारी उपासनेहून दोघी आल्या. दीनानं रस्सा टाकला, एंजल गणितं घेऊन जमिनीवर बसली. तीनच्या सुमाराला अब्राहाम आला.

त्याचं चालणं बघूनच ओट्यावर बसलेल्यांना कळायचं, आज स्वारी पिऊन आहे की नाही ते. तरुणपणी दोन वर्षं तो जत्रांमधून 'मौत का कुवा'मध्ये मोटारसायकल फिरवायचा. उभ्या फळ्यांवर आडवी गाडी, दोन्ही हात सोडलेले, असा त्याचा फोटो अजून घरात भिंतीवर होता. पुढं तो खेळही गेला, गाडीही गेली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं झालं त्याचं. कुणाचीही गाडी हाती आली की गल्लीच्या उतारावरून सुसाट सोडायचा आणि खाली दगडी भिंतीपाशी जे काटकोनी वळण आहे तिथं गुडघा रस्त्याला टेकेल इतका झुकून निघायचा. त्या वळणावर ब्रेक लावणं म्हणजे त्याला बांगड्या भरल्यासारखं वाटायचं.

दारात राखाडी गाडी बघून तो थांबला. बघितली, आणि लाथ घातली.

गाडी डुलली आणि उभी राहिली.

त्यानं पुन्हा घातली. मग दोन्ही हातांनी सीट धरून उपसायला बघितली, मग चवताळून तिसरी लाथ, आणि या वेळी त्याचा अंगठा मागच्या आसावर बसला. तो एका पायावर नाचला. समोरच्या ओट्यावर केशरबाई मेथी निवडत होत्या. म्हातारीला हसू आवरलं नाही.

"आरं अब्राहाम, तिला तीन पाय हायेत बाबा. दमशील!"

त्या हसण्यानं घात केला. अब्राहाम वळला आणि घरात शिरला.

आत कुणालाच काही कळलं नव्हतं. गाडी पडली नव्हती, तर आवाज कुठून येणार? कुकरच्या शिट्टीत लाथाही ऐकू आल्या नव्हत्या. एंजल तिच्या जागेवरच वहीत डोकं घालून बसली होती. दीना ओट्यापाशी हळदीचे हात पुसत होती, तेवढ्यात मागून तिच्या केसांना हिसका बसला.

"गल्लीपुढं मला हसवतीस व्हय? आँ?"

त्यानं तिचं डोकं चौकटीवर आपटलं. एकदा, मग आणखी एकदा. भुवईच्या वर कातडी फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. ती खाली बसली तसा त्यानं नेम धरून डाव्या पायावर लाथ घातली, सळईच्या जागेवर. दीनाच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिला स्वतःलाही ओळखू आला नाही. त्यानं लाटणं उचललं. पाठीवर, दंडावर, तोंड झाकणाऱ्या बोटांवर, सापडेल तिथं मारत राहिला. रश्श्याचं पातेलं उलथलं आणि गरम रस्सा तिच्या ओढणीवर सांडला.

एंजल भिंतीला चिकटून उभी होती. आजवर कॉटखालून तिनं हे नुसतं ऐकलं होतं. आज पहिल्यांदा ती बघत होती, हातात पेन्सिल तशीच धरून. आणि दीनाला मारापेक्षा ते लागलं. गाडी पडत नाही म्हणून हौसेनं आणली. पण तो पडण्याचा आवाज हीच तर पोरीची लपायची खूण होती, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. आगीतून उठून फुफाट्यात पडलो, आणि पोरीलाही घेऊन पडलो, असं तिला वाटलं.

अब्राहामला दम लागला. त्यानं लाटणं टाकलं.

"चावी आन."

"उद्या कामाला जायचंय मला."

"जा की. लंगडत जा. ओढ्यात नेऊन घालतो तुझी ती तीन पायाची म्हैस. पडत न्हाई व्हय? बघतो कशी पडत न्हाई."

चावी तिच्या गळ्यात, दोरीला होती. दीनानं दोरी काढली. रक्तानं चिकटलेल्या केसांत अडकली म्हणून ती डोक्यातून निघायला वेळ लागला. चावी द्यायच्या आधी सांगायचं, आठवणीनं. वाक्य अगदी जिभेवर आलं. एवढंसं वाक्य ते. दीनानं रक्त उतरलेल्या डोळ्यानं नवऱ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या त्या हात सोडलेल्या फोटोकडं बघितलं, आणि चावी त्याच्या तळहातावर ठेवली.

तो दाराकडं वळला.

"पप्पा," एंजल म्हणाली. "वळणावर..."

दीना कशी उठली, त्या पायानं दोन पावलं कशी टाकली, देव जाणे. तिनं पोरीला मागून कवटाळलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला. हळदीचा, रक्ताचा हात. एंजलचे दात तिच्या तळव्याला लागत होते इतका घट्ट.

अब्राहाम उंबऱ्यात थांबला. "काय म्हणती ती?"

"काय न्हाई," दीना म्हणाली. "लवकर या म्हणती."

तो थुंकला आणि बाहेर पडला. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. बिभीषणनं माल चांगलाच दिला होता. ओट्यावरून केशरबाई काहीतरी ओरडल्या, त्यानं उलट एक शिवी हासडली आणि गाडी उताराला लागली. दीना आवाज ऐकत उभी होती. आवाज वाढत गेला. भिंत जवळ येईल तसा तो कमी व्हायला हवा होता. तो कमी झाला नाही.

मग तो धाडकन आवाज आला. लांबून, पण अकरा वर्षांत आला नव्हता एवढा मोठा. आणि त्यानंतर काहीच नाही.

एंजल आईच्या हातातून निसटली आणि कॉटखाली शिरली.

बाहेर चपला वाजल्या. कुणीतरी "उलथली, उलथली" म्हणत उताराकडं पळत गेलं. केशरबाई दाराशी येऊन ऊर बडवत होत्या. "दीना! अगं दीना, धाव! हलंना गं तो!"

दीनानं आधी गॅस बंद केला. मग ओढणीच्या टोकानं डोळा पुसला, भिंत धरत धरत खाली बसली आणि कॉटखाली वाकून बघितलं. अगदी कोपऱ्यात, ट्रंकेला टेकून एंजल बसली होती. तिच्या गालांवर, ओठांवर पिवळी-तांबडी बोटं उमटली होती.

"ये बाहेर, बाळा."

"गाडी पडली ना?"

"पडली. पण आपल्या दारात न्हाई. आता कुणी मारणार न्हाई. ये."

तिनं हात आत घातला. एंजलनं त्या हाताकडं बघितलं. मग दोन्ही तळव्यांनी आपलं तोंड झाकून घेतलं आणि ती आणखी आत, भिंतीकडं सरकली.