रिकामी खाच

पेटीत एक पिस्तूल होतं, दोन मॅगझिन, नळी साफ करायचा एक ब्रश आणि मुठीची जाडी बदलायला तिच्या पाठीला बसवायच्या दोन पट्ट्या: मधली आणि मोठी. फोममध्ये पट्ट्यांसाठी कोरलेल्या खाचा मात्र तीन होत्या. पेटी ताईनेच आणून दिली होती, म्हणून वर्षापूर्वी मी तिलाच विचारलं.

"ती खाच रिकामीच येते," ती म्हणाली. "मधली लाव. मीही मधलीच वापरते."

मी मधली लावली. पण मॅगझिन सोडायच्या बटणापर्यंत माझा अंगठा पोचेना. दर वेळी पिस्तूल तळहातात थोडं फिरवायचं, बटण दाबायचं, रिकामं मॅगझिन पडलं की भरलेलं बसवायचं आणि पकड पुन्हा जुळवायची. सगळा वेळ त्या जुळवण्यात जायचा. नेमबाजीच्या संघात जागा एकच होती. त्या जागेसाठीच्या शेवटच्या फेरीत जायचं, तर मॅगझिन बदलून पुढची गोळी तीन सेकंदांच्या आत लक्ष्यावर हवी. मला ते कधीच जमलं नव्हतं.

"मूठ जाड आहे गं," मी कुरकुरायचे.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ताई हसायची. "आपले हातच लहान, आईवर गेलेत. सराव वाढव, चिमणे."

मी वाढवला. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडला.

निवडीच्या दिवशी सकाळी ताईची वेळ २.६ सेकंद आली. माझी पाळी दुपारी होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही लहानपणीसारखे तळव्याला तळवा लावून पाहिले. बोटं तंतोतंत सारखी. मग पिस्तूल न फिरवता तिचा अंगठा बटणावर जातो कसा?

ती हात धुवायला गेली. तिचं रिकामं पिस्तूल टेबलावर होतं आणि माझ्या बॅगेत प्रयोगशाळेतलं, मिलिमीटर मोजायचं व्हर्नियर. मुठीच्या पाठीपासून ट्रिगरपर्यंत माझ्या पिस्तुलाचं अंतर ७१ मिलिमीटर भरलं. तिच्या, त्याच बनावटीच्या पिस्तुलाचं ६८. पुन्हा मोजलं. ६८.

ती दारात उभी होती.

"ही लहान पट्टी कुठली, ताई?"

ती कोरडे झालेले हात पुसत राहिली. "तुझ्या पेटीतली. माझं पिस्तूल जुनं घेतलेलं, त्याच्यासोबत मधलीच आली."

"मागितली असतीस तर दिली असती."

"माहितीय."

"दुसरी मागवता आली असती. दोघींना झालं असतं."

"तेही माहितीय." ती माझ्याकडे बघत नव्हती. "जागा एकच आहे ना गं."

मग तिने मुठीतली खीळ ठोकून बाहेर काढली, पट्टी सोडवली आणि माझ्या हातावर ठेवली. "घे. माझं झालंय."

मी ती बसवली. मूठ हातात भरली, अंगठा आपसूक बटणावर टेकला. इतकं सोपं होतं ते.

रेंजवर सरांनी टायमर लावला. मी झाडलं, मॅगझिन संपलं. बटण अंगठ्याखालीच होतं, पण हाताने सवयीने आधी पिस्तूल फिरवलं. मॅगझिन पडलं, भरलेलं बसलं, पकड पुन्हा जुळवावी लागली. गोळी लक्ष्याच्या मधोमध लागली.

सरांनी टायमर वाचला. ३.२ सेकंद.