बोक्याची बाजू

ठकीच्या कोपरांच्या खळग्यात एक्झिमा होता आणि जो भेटेल तो मला उपाय सांगायचा. एक म्हणे कोरफड लाव, दुसरी म्हणे वांगी बंद कर. नुसतं डोकं उठवलं होतं सगळ्यांनी.

डॉक्टरीणबाई तेवढ्या शांत. म्हणाल्या, "एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वाट बघा."

मग सुवासिक साबण गेला. आंघोळ कोमट पाण्याची आणि झटपट, अंग ओलसर असतानाच खोबरेल. मी शिवणकाम करणारी बाई, लोकरीचे स्वेटर कपाटात कोंबले आणि लेकीला मऊ सुती सदरे शिवले. फरक पडला, पण थोडाच. आता राहिला आमचा बोका, भाऊसाहेब. महाराज तिच्या उशीवर झोपायचे.

"महिनाभर आत्याकडे राहू दे," मी म्हणाले. "खाज गेली तर कारण तोच. नाही गेली तर परत आणू."

ठकी रडली नाही. "तो नाहीये कारण," एवढंच म्हणाली.

आठवडाभर कातडी छान सुधारली. मी खुशीत. मग एकाएकी कोपरं पुन्हा लालभडक. मी चादरी उकळल्या, गाद्या उन्हात टाकल्या, मशीनवर बसल्याबसल्या रडकुंडीला आले. आमच्या ठकीबाई मात्र फोनवर आत्याला सांगत होत्या, "बघ, तो नव्हताच. त्याला सांग हं."

एका दुपारी न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत ठकी दात आवळून भांड्यांच्या घासणीनं कोपर घासत होती. शेजारी मी फेकून दिलेला तो सुवासिक साबण.

माझा हात उगारला गेला. तिनं तोंड नाही, कोपर लपवलं.

"महिना संपेपर्यंत लाल राहायला पाहिजे ना," ती म्हणाली.

हात आपोआप खाली आला. तिला मांडीवर घेऊन मी खोबरेल लावत बसले. आठवण मलाही येत होती मेल्याची. शिवताना पायांवर त्याचं ऊबदार ओझं असायचं, आता पाय गार पडायचे. पण सोलवटलेलं कोपर समोर असताना त्याला आणते म्हणायला जीभ रेटेना.

"मी नाही घासलं तर बरं होईल?"

"होईल, बाळा."

"मग तो येणार नाही."

मी दुसऱ्या कोपराला खोबरेल लावलं. जरा वेळानं तिनं उठून घासणी माझ्या हातात आणून दिली.

तेव्हापासून रोज सकाळी ती बाही वर करून माझ्यासमोर उभी राहायची. "आज कसं आहे?"

"अजून जरासं लाल आहे," मी म्हणायचे. मग ती बाही खाली ओढून हसत शाळेत पळायची.

कोपर केव्हाच स्वच्छ झालं होतं.