बिबाची चौथी पिन

मी पिन. सेफ्टी पिन असं माझं भारदस्त नाव आहे, पण एकलहऱ्याच्या या घरात मला नुसतं 'पिन' म्हणतात, आणि तेही मी सापडत नसले की. हाताशी असलेल्या पिनेला कोण हाक मारतं?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. कळू लागलं तेव्हा मी नाशिकरोडच्या एका कटलरीच्या दुकानात, अकरा बहिणींबरोबर एका पुठ्ठ्याला अडकून बसले होते. बांगड्या घ्यायला आलेल्या शकुबाईंनी आम्हाला उचललं आणि घरी आल्यावर मला मंगळसूत्रात अडकवलं. बाईच्या मंगळसूत्रात एक-दोन पिना असायच्याच. पदर धरून ठेवायचा, निऱ्या सांभाळायच्या, परकराची नाडी नेफ्यातून ओढायची. एकदा तर यजमानांच्या टाचेतला बाभळीचा काटाही मी काढला. तीच आमची पहिली भेट.

यजमान म्हणजे रंगनाथ. औष्णिक वीज केंद्रात ऑपरेटर. पाळ्यांची नोकरी, अवेळी जेवण, अर्धवट झोप. पन्नाशीला रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. हे गृहस्थ चालायला म्हणून गेले आणि सहा महिन्यांत पळायला लागले. पुढं शर्यतीत नावच घातलं, एकवीस किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन. शकुबाईंना वाटलं, साखर डोक्यात गेली.

त्या पहिल्या शर्यतीच्या दिवशी पहाटे चारला घरात शोधाशोध सुरू झाली. पळणाऱ्याच्या छातीवर नंबराचा कागद असतो, त्याला बिब म्हणतात. त्याला चार कोपऱ्यांना चार पिना लागतात आणि पाकिटात निघाल्या तीन.

"अगं शकू, एखादी पिन हाय का?"

"पहाटं चारला पिन? कुनाचं लगीन लागतंय?" शकुबाईंनी डोळे न उघडताच मला गळ्यातून काढलं. "घ्या. अन् माघारी आणा, लय कामाची हाय ती."

तेव्हापासून मी चौथी पिन झाले. बाकीच्या तिघी दर शर्यतीला नव्या, कुठंतरी पडायच्या, हरवायच्या. मी मात्र डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात ठरलेली. शर्यत संपली की पुन्हा शकुबाईंच्या गळ्यात. आठवडाभर पदर आणि नाडी, रविवारी घाम.

दहा वर्षं या पळणाऱ्या जमातीला मी छातीवरून बघत आले. बिब सरळ बसावा म्हणून ही मंडळी जेवढा वेळ घालवतात, तेवढा नवरदेवाला मुंडावळ्या बांधायलाही लागत नाही. कुणी न विचारता आपापली वेळ सांगतात आणि दुसऱ्याची ऐकतच नाहीत. गुडघ्यावर तर असं बोलतात, जणू घरातलं हट्टी पोर. फोटोवाला दिसला की मेलेल्या पायांत जीव येतो. पण पाणी देताना आधी दुसऱ्याला देतात आणि कुणी पडलं तर थांबतात, हेही मी पाहिलंय. माणसं चांगली आहेत.

रंगनाथांना वेग नव्हता. अडीच-पावणेतीन तास लागायचे. वेग नसलेल्या माणसाला संख्येची गोडी लागते. दहा झाल्या, पंचवीस झाल्या आणि एक दिवस त्यांनी सगळ्यांसमोर बोलून टाकलं, "साठीच्या आत शंभर करणार." बोलून टाकलेला आकडा मोठा वाईट. तो रात्रंदिवस मानगुटीवर बसतो. मग ताप असो, लग्नकार्य असो, घोटीपासून सिन्नरपर्यंत कुठंही शर्यत निघाली की हे हजर.

आता त्रेसष्टाव्या शर्यतीचं सांगते. सांगायला मला आवडत नाही.

सिन्नरकडच्या एका हौशी मंडळानं ती भरवली होती. वेळ मोजणारं यंत्र वगैरे काही नव्हतं. साडेदहा किलोमीटरवर वळायचं, तिथं उभी असलेली पोरं हातात एक लाल रिबन देणार आणि ती रिबन दाखवली की शेवटी मेडल. साधा, विश्वासाचा कारभार. नऊ किलोमीटरवर रंगनाथांची पोटरी आवळली. ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. तेवढ्यात वळून परत येणारा एक तरुण थांबला.

"काका, गोळा आला का?"

"हां. पाय उचलंना."

"माझ्याकडं चुकून दोन रिबनी आल्यात. घ्या एक अन् वळा इथूनच. कोण बघतंय?"

मी बघत होते. पिनेला तोंड नसतं, टोक असतं, आणि ते मी त्या क्षणी वापरायला हवं होतं. रंगनाथ त्या रिबनीकडं बराच वेळ बघत बसले. मग उठले आणि वळले. दीड किलोमीटर जाणं, दीड येणं, असे तीन किलोमीटर त्यांनी गिळले. मेडल गळ्यात पडलं. घरी शकुबाईंनी विचारलं, "झाली का पुरी?" तर म्हणाले, "झाली." त्यानंतर मला त्यांनी परत दिलं ते शकुबाईंच्या हातात नाही, कपाटावर ठेवून.

त्या मेडलांचा शकुबाईंना केवढा अभिमान! भिंतीवर लोखंडी नळी ठोकून घेतलेली, तिच्यावर सगळी ओळीनं. दर दिवाळीला एकेक उतरवून चिंचेनं घासायच्या आणि मोठ्यानं मोजायच्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आधी भिंत दाखवायच्या, मग वाण द्यायच्या. सिन्नरजवळच्या माहेरी तर त्यांनी नवऱ्याचं नाव इतकं केलं, की भावजया कंटाळल्या. मी गळ्यात असायचे. एकसष्ट, बासष्ट... मोजणी इथवर आली, की रंगनाथांना न चुकता पाणी भरायची आठवण व्हायची.

आणि मग शंभरावी आली. गुरुवारी साठी पुरी होणार आणि त्याच्या आधीच्या रविवारी नाशकात शर्यत. मुहूर्त साधला होता. शकुबाई शर्यतीला कधी आल्या नव्हत्या, त्या दिवशी ठेवणीतली पैठणी नेसून आल्या. रंगनाथांच्या पळणाऱ्या मंडळाचा म्होरक्या संतोष, त्यानं फ्लेक्स लावला होता. हात जोडलेले रंगनाथ आणि खाली 'शतकवीर'. स्टेजवर शाल, नारळ, सगळी तयारी.

त्या दिवशी ते छान पळले. पण माझ्याखाली त्यांचं काळीज पळण्यानं धडधडत नव्हतं, ती धडधड मला ओळखता येते. रेषा ओलांडल्यावर फ्लेक्सखालून जाताना त्यांनी वर पाहिलंच नाही.

"काका, दोन शब्द!" संतोषनं माईक हातात दिला.

रंगनाथांनी एकदा शकुबाईंकडं पाहिलं. "माझ्या शंभर झाल्या नाहीत," ते म्हणाले. "नव्याण्णव झाल्या. त्रेसष्टावीत मी वाटेतूनच वळलो होतो. रिबन दुसऱ्याची होती."

संतोष हसला आणि त्यानं माईक ओढून घेतला. "ऐकलंत? शंभर करूनसुद्धा माणूस नव्याण्णव म्हणतो! याला म्हणतात मोठेपणा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अरे, खरंच सांगतोय मी..."

पण ढोल सुरू झाले होते. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटो निघाले. चार वर्षं घशाशी अडकलेली गोष्ट माणसानं चारचौघांत ओकून टाकावी आणि चारचौघांनी तिचंही कौतुक करावं, याइतकी मोठी शिक्षा मी दुसरी पाहिली नाही. त्या सगळ्या गर्दीत एकच बाई टाळी वाजवत नव्हती.

परतीची रिक्षा नाशिकरोडला आली. मग शकुबाईंनी विचारलं, "खरं हाय का ते?"

"हो."

"किती ऱ्हायलं व्हतं?"

"तीन किलोमीटर."

"चार वरसं मी त्याला चिंच लावून घासतीय," शकुबाई म्हणाल्या आणि बाहेर बघू लागल्या. "माह्या माहेरात काय सांगू आता? लोकांशी खोटं बोल्ले आसते तर चाललं आसतं. मला बी तेच?"

घरी आल्यावर त्यांनी नळीवरून त्रेसष्टावं मेडल काढलं, कागदात बांधलं आणि माळ्यावर टाकलं. शाल घडी करून पेटीत ठेवली. मला मागितलं नाही. गुरुवारी साठीचं औक्षण केलं, पेढा भरवला, पण शब्द काढला नाही. मी आठवडाभर दोरीवरच्या टी-शर्टाला लटकून तो अबोला ऐकत होते.

पुढच्या रविवारी कुठंच शर्यत नव्हती. रंगनाथ तरीही पहाटे उठले. साठी उलटली होती, पण आकडा काही मानेवरून उतरेना. मनाशी म्हणाले, एकवीस पुरे पळायचे आणि निदान शंभर तरी खऱ्या करायच्या. बिब नव्हता, पण मला टी-शर्टला सवयीनं तसंच राहू दिलं. एकलहऱ्याहून सिन्नर फाटा, तिथून उपनगरकडं आणि माघारी. ना पाणी देणारं कुणी, ना फोटोवाला. परत येताना वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या आणि पोटरी पुन्हा आवळली. अठरा किलोमीटर झाले होते. ते थांबले, पाय चोळला, दोनदा पळून पाहिलं. जमेना. मग उरलेली वाट लंगडत चालत आले.

शकुबाई दारात भांडी घासत होत्या. मान वर न करता बसल्या होत्या. म्हटलं असतं एकवीस, तर कोण मोजणार होतं?

"शकू," रंगनाथ उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, "अठराच झाले. पुढं चालत आलो."

शकुबाईंचा हात थांबला. त्रेसष्टाव्या शर्यतीतही अठराच झाले होते, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"मंग बसा," त्या म्हणाल्या. "तेल कोमट करते पोटरीला. भाकरी बी गरम हाय."

रंगनाथ भिंतीला टेकून रडले. साठी उलटलेला माणूस, घामानं ओला, मटकन खाली बसून. मी छातीवर होते, म्हणून सांगते.

शंभर अजून व्हायच्याच आहेत. मी मात्र थकले. दहा वर्षांच्या घामानं गंज चढलाय, टोक बोथट झालंय, कापडाला डाग पाडते. एक दिवस कुणी मला भंगारात टाकील, त्याची तक्रार नाही. जाण्याआधी एवढंच मागते. कुणी माईक हातात घेऊन आपलं खरं सांगायला लागला, तर बाबांनो, टाळ्या वाजवायची घाई करू नका. त्याचं बोलणं संपू द्या.