काणीचे नवे दिवे

सात डिसेंबर १९८७, सोमवार. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बदलापूरहून बारवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ऐनाच्या झाडाच्या वळणाला एक जीप थांबली. तिचे दिवे पांढरेशुभ्र होते. हॉर्न एकदा वाजला, दिवे तीनदा खाली-वर झाले आणि मिनिटभराने जीप पुढे गेली. रस्त्यापासून पंधरा पावलांवर, करवंदीच्या जाळीमागे चार माणसं श्वास रोखून बसली होती. त्यांतली एक नवसी. वय वीस, पहिलटकरीण, दुपारपासून कळा देत होती.

जीप बेलवलीच्या धर्मराजची होती. जाळीतली माणसं त्याच जीपची वाट बघायला टेकडीवरच्या वाडीवरून खाली उतरली होती.

ही जीप १९४४ सालची विलीज. धर्मराजच्या बापाने ती लष्करी मालाच्या लिलावात घेतली होती. धर्मराज भातशेती सांभाळून रोज संध्याकाळी वाडीच्या पायथ्यापर्यंत एक फेरी मारायचा. बाजारात रानभाजी आणि मोळ्या विकून परतणाऱ्या बायकांना सोडायचा, येताना दुधाचे कॅन आणायचा. वाडीत कुणी आजारी असलं तर त्याला त्याच फेरीत खाली आणायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण वीस वर्षं चाललं होतं. वाडीला ना फोन ना वीज. खूण एकच. जीपला सहा व्होल्टची बॅटरी, दिवे तांबूस पिवळे, त्यात डाव्या दिव्याची आतली वाटी गंजलेली, त्यामुळे तो उजव्याच्या निम्माच लागायचा. एक डोळा उघडा, एक मिटलेला. वाडीने तिचं नाव काणी ठेवलं होतं. वळणावर ते दोन दिवे दिसले आणि घोगरा भोंगा वाजला की टेकडीवरून कुणीतरी हाळी द्यायचं, "काणी आली रं!" मग पेशंटला घेऊन माणसं रस्त्यावर येत.

नवसीचा जन्म याच जीपच्या मागच्या बाकावर झाला होता, १९६७च्या श्रावणात, बदलापूरचं रेल्वे फाटक बंद असताना. तिची आई भिकी धर्मराजला दादा म्हणायची, म्हणून तो नवसीचा मामा. त्याला दोन मुलगे होते, लेक नव्हती.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी नवसी त्याच्या शेजारी बसून माहेरी निघाली होती. ऐनाच्या वळणावर म्हैस आडवी आली. धर्मराजला ती दिसली तेव्हा दोन हात अंतर उरलं होतं. त्याने ब्रेक दाबला, जीपचं पुढचं चाक रस्ता सोडून खाली गेलं. नवसीने दोन्ही हातांनी पोट धरलं आणि मग हसायला लागली.

"मामा, तुजी काणी आता पार आंधळी झाली. माज्या टायमाला दिसंल ना तिला?"

"न दिसायला काय झालं? तुला बरोबर पोचवलं होतं ना जगात?"

"तवा काणी तरणी व्हती. आन तू पन."

तो हसला, पण ते वाक्य त्याच्या डोक्यातून गेलं नाही. दिवस डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भरत होते. काळोख, घाट, आणि मागे कळा देणारी पोर. शनिवारी सकाळी त्याने जीप उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये होतचंदच्या गॅरेजात नेऊन लावली.

होतचंद सिंधी, गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्याने बॉनेट उघडलं, डाव्या दिव्याची वाटी बोटाने खरवडली.

"कौनसे साल की है?"

"चव्वेचाळीस."

"फाळणीच्या आधीची! हिला तर मान दिला पाहिजे." बोटाला लागलेला गंज त्याने फडक्याला पुसला. "साईं, छे व्होल्ट म्हणजे समई. देवघरात ठीक आहे, घाटात नाही. बारा करा. बॅटरी नवी, डायनामो नवा, हॅलोजनचे दिवे. रात का दिन!"

"भोंगा राहू दे तोच."

"बघतो. मला वाटतं जळेल."

भोंगा बारा व्होल्टवर पहिल्याच दाबाला जळला. होतचंदने दुसरा बसवला, बारीक आणि कडक आवाजाचा. काम सोमवारी दुपारी संपलं. भर उन्हात दिवे लावून त्याने समोरच्या भिंतीवर उजेड दाखवला तेव्हा शेजारचा कापडवाला दुकानातून बाहेर येऊन बघून गेला.

घरी त्याची बायको कौसाबाई म्हणाली, "लोक लेकीच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू करतात, आमच्याकडे दिवे केले."

"लाडू तू कर. मी माझं केलं."

"वाडीवर सांगितलंत का, दोन दिवस गाडी का नव्हती ते?"

"सांगायचं काय त्यात? आज दिसेलच की."

वाडीला त्याने सांगितलं नाही ते एवढंच. त्या दोन दिवसांत तिथे काय चाललं होतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. जंगलखात्याची जीप आठवडाभर त्या रस्त्यावर फिरत होती. ओला साग तोडला म्हणून नवसीचा चुलता बारकू याला त्यांनी पकडून नेलं होतं आणि तो अजून सुटला नव्हता. त्या जीपचं इंजिन काणीसारखंच वाजायचं. दिवे मात्र पांढरे.

सोमवारी दुपारी नवसीला कळा सुरू झाल्या. तिचा बाप चांगो याने झोळीसाठी दांडा शोधला. घरातला बांबू किडलेला निघाला. पोरीचं वजन पेलायला दांडा सरळ आणि पक्का हवा, म्हणून त्याने घरामागचं सागाचं हातभर घेराचं झाड तोडलं. साल काढायला वेळ नव्हता. दांड्यातून रस गळत होता. त्याला घोंगडी बांधून पुढे चांगो, मागे नवसीचा नवरा कान्हा आणि बाजूला भिकी, अशी ती साडेसहाला निघाली.

सात दहाला वळणावर पांढरा उजेड पडला.

"जंगलवाले!" चांगो म्हणाला. त्याने झोळी जाळीमागे ओढली. ओल्या सागाचा दांडा खांद्यावर, भाऊ आधीच आत. आता दोघांना नेलं तर पोरीला कोण नेणार? नवसी कण्हत होती. भिकीने तिच्या तोंडावर पदर दाबला.

रस्त्यावर धर्मराज खुशीत होता. ऐनाच्या सालीवरची भेग न् भेग त्याला दिसत होती. म्हैस आडवी आली होती ती जागा तर शंभर पावलांवरून दिसली. त्याने जीप थांबवली, सवयीने हॉर्न दिला आणि डिपर तीनदा खाली-वर केला. नवसीच्या घरून हा उजेड दिसत असेल, असं त्याला वाटलं. वरून हाळी आली नाही. आज कुणाला उतरायचं नसेल म्हणून तो पुढे गेला.

पायथ्याला जीप लावून तो टॉर्च घेऊन वर चढला. सगळ्या दारांना आतून अडसर. चांगोच्या घरात त्याची म्हातारी आई, तानी, एकटी चुलीपाशी होती. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण आवाज ओळखला.

"धर्मा का? आरं, ती तर खाली गेली तुज्याकडंच. भेटली नाय?"

तो धावत उतरला. जीप वळवून परत निघाला, बैलगाडीच्या वेगाने, दर वळणाला थांबत, "चांगो! नवसे!" अशा हाका मारत. इंजिनाच्या आवाजात हाक किती लांब जाते ते सांगता येत नाही. दिव्यांत रस्त्याच्या कडेचं पान न् पान दिसत होतं. माणसं दिसली नाहीत. कान्हाने पुढे सांगितलं की ते पांढरे दिवे परत येताना बघून त्यांची खात्रीच पटली, की शोध आपलाच चाललाय. त्यांनी रस्ता सोडला आणि टेकडीच्या पलीकडल्या पायवाटेने दुसऱ्या गावाकडे निघाले.

धर्मराज बदलापूरच्या दवाखान्याच्या फाटकापाशी सकाळपर्यंत उभा होता.

नवसी त्या रात्री नऊच्या सुमारास पायवाटेवरच्या ओढ्यापाशी दगावली. मूल पोटातच राहिलं.

तिसऱ्या दिवशी धर्मराज दुपारच्या उन्हात वाडीवर गेला. जीपकडे कुणी पाहिलं नाही. न लावलेला नवा दिवा उन्हात जुन्या दिव्यासारखाच दिसतो. चांगो अंगणात बसला होता, समोर तो दांडा पडला होता.

"दादा," तो म्हणाला, "आधी जंगलाची जीप गेली. तिच्यामागून तू आलास, म्हातारी बोलली. आमी घटकाभर दम धरला आसता तर काणी भेटली आसती."

धर्मराजने तोंड उघडलं.

"माजीच चूक," चांगो म्हणाला. "वला साग तोडला नसता तर लपलोच नसतो. कोन कशाला आडवतो बाळंतिनीला? माज्या हातात चोरी व्हती म्हनून मी भ्यालो."

भिकी आतून ओरडली, "येकदा बोलतोस, शंबरदा बोल! साग तोडलास आन पोर घालवलीस!"

धर्मराजने तोंड मिटलं. आत्ता नको, असं त्याने स्वतःला सांगितलं. उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी तो कॅम्प दोनला गेला. होतचंदच्या गॅरेजामागे भंगाराचा ढीग होता. जुने दिवे त्यात खाली सापडले, डावा गंजलेल्या वाटीसकट.

"साईं, लोक समई देऊन ट्यूबलाइट नेतात. तुम्ही उलटे?" होतचंद हसत होता. मग त्याने धर्मराजचा चेहरा पाहिला आणि पुढे काही न विचारता जुन्या वाट्यांत मंद बल्ब बसवून दिले. हॅलोजनचे दिवे धर्मराजने गोणपाटात गुंडाळून खाटेखाली सरकवले. त्या संध्याकाळी वळणावर एक डोळा उघडा, एक मिटलेला असे पिवळे दिवे दिसले. भोंग्याचा आवाज बदलल्याचं कुणीतरी विचारलं, तेव्हा तो जुना जळला म्हणाला. ते खरंच होतं.

"काणी आली रं!" टेकडीवरून हाळी आली. त्याने जीप बाजूला घेतली आणि बराच वेळ स्टीअरिंगवर डोकं टेकून बसला.

उद्या सांगू, असं म्हणत सहा वर्षं गेली. बारकू सुटून आला. कान्हाने वांगणीकडे दुसरं लग्न केलं. चांगोने कोयता हातात धरणं सोडलं. घर शाकारायला, सरपण आणायला शेजारी मदत करायचे. दांडा त्याने जाळला नाही आणि वापरलाही नाही, दाराबाहेर भिंतीला उभा करून ठेवला. येता-जाता तो दिसायचा. भिकी त्याला वाढायची, पण बोलायची नाही. कौसाबाईला सगळं ठाऊक होतं. ती एकदाच म्हणाली, "तुम्ही बोललात तर त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल."

"आणि माझ्या डोक्यावर येईल."

"आत्ता कुठे आहे मग?"

१९९४च्या फेब्रुवारीत, एका बाजारच्या दिवशी, भिकी काणीत त्याच्या शेजारी बसून वर निघाली होती. ऐनाचं वळण आलं. सहा वर्षांत ती तिथे कधी बोलली नव्हती.

"दादा, येक सांगू? तवा मी तिच्या तोंडावर पदर धरला व्हता. ती कन्हत नव्हती रं. ती काय तरी बोलत व्हती. दोनदा मान हलवली, आन हात केला रस्त्याकडं. त्या जीपकडं." भिकीने स्वतःचा हात तसाच पुढे करून दाखवला. "मला वाटलं, भ्याली. भ्याली आसंल ना?"

धर्मराजने गिअर बदलला. या जीपच्या बाकावर जन्मलेली पोर. तिला दिवे फसवू शकले नसावेत.

त्याने भिकीला पायथ्याला उतरवलं. घरी आल्यावर खाटेखालचं गोणपाट ओढलं. दुसरा दिवस त्याला दिवे बसवायला पुरला. डोळे पहिल्यासारखे राहिले नव्हते, स्क्रू हातातून निसटत होते. कौसाबाई बाजूला बसून एकेक स्क्रू वेचून देत होती. निघताना तिने विचारलं, "मी येऊ?"

"नको. परत यायला उशीर झाला तर जेवून घे."

संध्याकाळी सात दहाला ऐनाच्या वळणावर पांढरा उजेड पडला. वाडीत अडसर पडल्याचे आवाज खालपर्यंत आले. धर्मराजने एकदा हॉर्न दिला. दिवे तीनदा खाली-वर केले. मग इंजिन बंद केलं, दिवे चालूच ठेवले, आणि खाली उतरून दिव्यांच्या समोर, उजेडात जाऊन उभा राहिला, म्हणजे गाडी कुणाची आहे ते वरून दिसावं. टोपी काढून हातात घेतली. हाक मारली नाही.

काही वेळाने वाडीच्या कडेला, चांगोच्या घराच्या अंगाला, एक कंदील बाहेर आला. त्याच्या मागे दोन माणसं होती की एक, ते उजेडात उभं राहून दिसत नव्हतं. कंदील पायवाटेच्या तोंडापर्यंत आला आणि थांबला.

पावणेआठला हॅलोजनचा उजेड पिवळा पडू लागला. बॅटरी उतरत होती. धर्मराज उभाच होता. कंदील तिथेच होता.