वॉटी लीश्मनची टाच

“ऐकून विश्वास बसायचा नाही तुझा एफी, पण चाळीस वर्षांत माझ्या नजरेतून एक चेंडू सुटलेला नाही,” वॉटी लीश्मन म्हणाला आणि हातातला छोटा लाल झेंडा त्यानं कचकन गवतात रोवला.

एफी गेडीस काठीनं गुडघाभर गवत चाळत होती. “मग हा कुठाय?”

उद्यापासून किलब्रेची गोल्फ स्पर्धा. चौदाव्या होलवर चेंडू टेकाडापलीकडून येतो. तो कुठे पडला हे दाखवायला पुढे फोरकॅडी उभा लागतो, कारण तीन मिनिटांत सापडला नाही तर चेंडू गेला आणि दंड खेळाडूच्या माथी. हे काम चाळीस वर्षं वॉटीचं. पण त्याला आता दहा पावलांवरचा माणूस ओळखू येत नाही, ही कुजबुज यंदा स्वयंसेवकांची प्रमुख असलेल्या एफीच्या कानावर गेली होती. म्हणून आज टेकाडापलीकडून मारलेला सरावाचा एकच चेंडू. सापडला तर झेंडा वॉटीकडे. नाहीतर शिट्टी घेऊन मोटारी लावायच्या मैदानात.

चेंडू आलेला वॉटीनं ऐकला होता. धप्प. दोन्ही हात ऐटीत पसरून त्यानं ‘सुखरूप’ची खूण केली, आवाजाच्या रोखानं तरातरा चालत आला, आणि डाव्या टाचेखाली काहीतरी टणक लागून मऊ मातीत खोल रुतलं.

तेव्हापासून तो खांबासारखा उभा होता. फोरकॅडीनं चेंडू तुडवणं म्हणजे आचाऱ्यानं पातेल्यात बसणं. एफीची पाठ एकदा वळली की झालं, बुटाच्या टोकानं तो अलगद उकरून काढता आला असता.

“एक मिनिट झालं, वॉटीकाका.”

“अगं, त्या लॉर्डची गोष्ट सांगितली का तुला? तीस वर्षांपूर्वी, इथेच. लंडनहून आलेला. पँट अशी, की खिडकीच्या पडद्यांनी लाजावं. त्याचा चेंडू पडला, मी पाहिला, तेवढ्यात एक सीगल आला. माझ्याएवढा.”

“तुमच्याएवढा?”

“मी बसल्यावर असतो तेवढा. चेंडू चोचीत धरून निघाला समुद्राकडे. मी बूट फेकले आणि अर्धा मैल पोहत गेलो.”

“तुम्हाला पोहता येतं?”

“त्या दिवशी आलं. पाण्यातनं त्याची समजूत घातली. तो वळला आणि चेंडू सोडला तो थेट होलमध्ये! लॉर्ड नाचायला लागला. मी म्हटलं, साहेब, पक्ष्यानं नेलेला चेंडू होता तिथेच परत ठेवायचा, आणि कुठे होता ते माझा झेंडा सांगतोय. ढसाढसा रडला गं.”

एफीची काठी थांबली.

“त्या झुडपांपाशी बघ ना जरा,” वॉटी घाईनं म्हणाला.

“तुम्ही का येत नाही?”

“गुडघा धरलाय.”

“मघाशी तर तरातरा आलात.”

झुडपांकडे न जाता ती त्याच्याजवळ आली. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग बराच वेळ बुटांकडे.

“काका, तो लॉर्ड नव्हता, मी होते. एकोणीस वर्षांची, काउंटीच्या अंतिम सामन्यात. तेव्हा पाच मिनिटं मिळायची. पाचही मिनिटं मी गवतात रांगत होते आणि तुम्ही अस्सेच एका जागी उभे राहून मला सीगल दाखवत होतात. उचला पाय.”