चौथीचं वर्ष

दुलमानं कुत्र्याच्या मानेला मिठी मारून त्याला खाली दाबून धरलं, तेव्हा कुठे सेवजिदबाई घोड्यावरून उतरल्या. खांगाई डोंगराच्या या टोकाला शाळेच्या बाई दोनच कामांसाठी येतात: पोर न्यायला, नाहीतर पटावरून नाव काढायला.

तंबूत चहा झाला. मेंढ्यांच्या अंगावर चरबी धरलीय का, गवत कसं आहे, सगळं रीतसर विचारून झालं. दुलमा चुलीपाशी बसून होती. छताच्या भोकातून आलेला उन्हाचा गोल तिच्या गुडघ्यावर चढला होता. तिला वाटत होतं, तो आपल्याला अलगद उचलून नेतोय, गवतावरून, ओढ्यावरून, थेट वसतिगृहाच्या निळ्या दारापर्यंत.

"चौथीचं एक वर्ष तर राहिलंय, गोंचिग," बाई तिच्या बापाला म्हणाल्या. "प्राथमिक शाळा तरी पुरी होऊ दे. मग ठेव घरी."

"कळप सहकारी संस्थेचा होता तोवर ठीक होतं, बाई. आता मेंढ्या माझ्या आणि माणसं दोन. हिची आई असती तर गोष्ट वेगळी."

"मुलगे सगळ्यांनी काढून घेतले. आता मुलीही नेल्यात तर मी काय बाकांना शिकवू?"

"शिकवा की. बाकं पळून तरी जात नाहीत." गोंचिगनं मुलीकडे पाहिलं. "काल हिनं अर्धा कळप टेकडीपलीकडे जाऊ दिला. समोरच बसली होती, डोळे टक्क उघडे. कुठे होतीस गं?"

दुलमाला खोटं सुचलं नाही.

"वर्गात," ती म्हणाली.

बाई चहाच्या वाटीत बघत राहिल्या. झालं, दुलमाला वाटलं, आपणच माती खाल्ली.

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्या बाहेर येऊन घोड्यावर बसल्या. दुलमा लगाम धरून उभी होती. गोंचिग तिच्यापाशी आला, वाकला आणि त्यानं तिचा उजवा गाल खोल हुंगला, आई हुंगायची तसा. बाप आपली समजूत घालतोय असं वाटून तिला भडभडून आलं. तिनं दुसरा गाल पुढे केला.

गोंचिग मागे सरला.

"तो नाही," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तो तू परत आल्यावर."

सेवजिदबाई खोगिरावर पुढे सरकल्या आणि त्यांनी मागे जागा केली.