पानं टाकली, जीव नाही

मी बोराटी बोलतेय. माळावरची, काटेरी. गोड बोलणं मला जमत नाही, तेव्हा सरळच सांगते: माझा जीव उद्याच्या सकाळवर टांगलाय.

माझं बी माळावरचं, पण वाढले कोल्हापुरात, एका कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये. शेजारच्या कुंड्यांत माझ्याच कुळातल्या दोघी, घटबोर आणि लिंबाएवढ्या फळांची बाजारातली मोठी बोर. आम्हा तिघींत तहान जास्त कोण सोसते, हे अनुजा मॅडमना बघायचंय. तीस दिवस पाण्याचा थेंब नाही. तिसाव्या दिवशी जी जिवंत, तिला पाणी. पुढच्या दहा दिवसांत पालवी फुटली तर ती टिकली. जी मेली म्हणून लिहिली, तिची कुंडी रिकामी.

आठव्या दिवसापासूनच मी पानं टाकायला लागले. पान म्हणजे पाणी उडून जायची वाट. ती बंद केली आणि उरलेली ओल बुडाशी ओढून घेतली. मोठीनं मात्र एक पान सोडलं नाही. रोज कुंड्यांची वजनं घेणारा अमरसिंह तिच्यावर खूश. मॅडमच्या हाताखाली शिकणारा हा गडी बिद्रीकडचा, सारी हयात उसात गेलेली. उसात हिरवं ते जिवंत, वाळलं ते गेलं. तोच डोळा त्यानं मला लावला.

सव्विसाव्या दिवशी वहीत माझ्या नावापुढं त्यानं 'मृत' लिहिलं.

"शालूमावशी, ही कुंडी ओता की. माती चाळून ठेवा."

शालूबाई शेडची झाडलोट करते. झाडांना हात लावायची तिला मनाई. तिनं कुंडी उचलली, पण ओतली नाही.

"मेली म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"एक पान न्हाय तिच्यावर. दिसत न्हाय व्हय?"

"तुझ्या टकुऱ्यावर तरी किती केस हायत? तुला ओतू?"

तिनं शेंड्याला नखानं साल खरवडली. आत तपकिरी. मधे खरवडली. तिथंही तपकिरी.

"ऱ्हाऊ दे की मावशी," अमरसिंह म्हणाला, आता जरा हळू.

ती खाली बसली आणि मातीच्या वर बोटभर नख लावलं. तेवढी एकच जागा माझ्याकडं शिल्लक होती. सालीखाली हिरवी रेघ निघाली.

"बघ पावण्या. ऊस न्हवं ह्यो."

मॅडमनी येऊन रेघ बघितली, 'मृत' खोडलं, पण बजावलंही: "पालवी नाही आली तर मेलीच लिहायचं. रेघ मोजता येत नाही."

अठ्ठाविसाव्या दिवशी मोठी एका दुपारीत करपली, पानांसकट. घटबोरीला पाणी मिळालं आणि चौथ्या दिवशी ती पालवली. मला पाणी मिळून आज नऊ दिवस झाले. अजून उघडीच आहे.

पण मी बसून नाही. वरच्या फांद्यांचा नाद सोडलाय, तिथवर ओल चढवायला ताकद पुरत नाही. कोंब मुळाशी काढलाय, मातीखाली अर्ध्या बोटावर. वरची माती वाळून दगड झालीय. उद्यापर्यंत ती फुटेल का, मलाच माहीत नाही.

तेव्हा मॅडम, उद्या वही उघडण्याआधी वरच्या काटक्या बघू नका. खाली वाका. बोटानं माती जरा बाजूला करा. आणि ज्यांना कुंडी ओतायची घाई आहे, त्यांनी जपून हात घालावा. काटा मी एकही टाकलेला नाही.